आधी अंगण, मग घर : पॉइंट कुक येथे घर बांधू इच्छिणाऱ्यांसाठी

मेलबर्न शहराच्या नैर्ऋत्येस, पोर्ट फिलिप उपसागराच्या सखल किनाऱ्यालगत पसरलेल्या ज्या माळरानावर एके काळी बुनुराँग लोकांचा वावर होता, पुढे चर्नसाइड घराण्याची मेंढरे चरली आणि १९१४ साली ऑस्ट्रेलियातील पहिले लष्करी विमान उडाले, त्याच माळरानावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घरांची एवढी दाटी झाली, की २०२१ सालच्या खानेसुमारीत पॉइंट कुक हे सहासष्ट हजारांवर वस्तीचे, सबंध देशातील सर्वाधिक लोकसंख्येचे उपनगर ठरले. या वस्तीत मराठी कुटुंबे थोडी नाहीत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा घर घेण्याचा क्रमही ठरून गेलेला आहे. प्रथम भूखंडाची नोंद करावयाची, मग एखाद्या बांधकाम-कंपनीच्या नमुनाघरांच्या गल्लीतून एक रविवार फिरावयाचे, खोल्या मोजावयाच्या, दर्शनी भागाचा एक थाट पसंत करावयाचा, आणि ती इमारत भूखंडाच्या नकाशावर बसवून झाल्यावर कुंपणाच्या कडेने जी काही पट्टी शिल्लक राहील तिला बाग म्हणावयाचे. हा क्रम उलटा करावा, म्हणजे बागेची जागा आधी राखून तिच्या कडेने घराची मांडणी करावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. परंतु ते का करावे आणि कसे साधावे, हे नीट कळण्यासाठी या भूमीचा सूर्य, तिची माती आणि तिचा वारा या तिहींशी थोडा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

साधे घर म्हणजे ओकेबोके घर नव्हे, आणि पांढऱ्या भिंतींवर एकच चित्र टांगून मासिकातल्या छायाचित्रासारखे सजवलेले घरही नव्हे. ज्या घरात प्रत्येक खोलीला काहीतरी नित्याचे काम आहे, जिच्यावाचून अडणार नाही अशी खोलीच मुळी बांधलेली नाही, आणि बांधकामात वाचलेला पैसा भिंतीच्या उबेवर, खिडकीच्या काचेवर व सावलीच्या सोयीवर खर्चिला आहे, ते साधे घर होय. ऑस्ट्रेलियात नव्याने बांधल्या जाणाऱ्या स्वतंत्र घराचे सरासरी क्षेत्रफळ अलीकडच्या काळात सुमारे २३० ते २४० चौरस मीटर राहिले आहे, आणि जगातील सर्वांत ऐसपैस घरांत त्यांची गणना होते. या आकड्यात घरगुती चित्रपटगृहाची काळोखी खोली, मुलांच्या खेळाचा वेगळा दिवाणखाना, दोन मोटारींचे गराज आणि पाहुण्यांवर छाप पाडण्याखेरीज दुसरे प्रयोजन नसलेली एक दर्शनी बैठक यांचा वाटा मोठा असतो. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला दीडशे-एकशे साठ चौरस मीटरांत सुखाने राहता येते, असे माझे मत आहे, मात्र त्या घराला बाहेरची जागा आतल्यासारखी वापरता आली पाहिजे.

ही गोष्ट आपल्या लोकांना नव्याने शिकवावी लागू नये. कोकणातील घराची ओटी, पडवी, माजघर आणि परसदार ही ओळ, किंवा देशावरील वाड्याचा चौक, ही आत आणि बाहेर यांमधली संक्रमणाची जागा किती निगुतीने सांभाळावी याचीच शिकवण आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे जी वसाहत आखली, तीत लहान उत्पन्नगटांतील कुटुंबांना अवघ्या ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या भूखंडांवरही प्रत्येकी स्वतःचे मोकळे अंगण दिले; त्या मानाने पॉइंट कुकचा चार-साडेचारशे चौरस मीटरांचा भूखंड म्हणजे जहागीरच म्हणावयाची. आणि मेलबर्नला तरी या विचाराची परंपरा कोठे नाही? दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची तीव्र टंचाई असताना, १९४७ साली, व्हिक्टोरियातील वास्तुविशारदांच्या संस्थेने 'दि एज' या वृत्तपत्राच्या सहकार्याने लहान घरांची एक सेवा सुरू केली, आणि तिचे पहिले संचालक रॉबिन बॉइड यांच्या देखरेखीखाली तयार झालेले, सूर्याचा विचार करून काढलेले आटोपशीर नकाशे सामान्य माणसाला पाच पौंडांत मिळू लागले. याच बॉइडनी १९५८ साली साउथ यारा भागातील वॉल्श स्ट्रीटवर स्वतःसाठी जे घर बांधले, त्यात आईवडिलांचा भाग एका टोकाला, मुलांचा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये उघडे अंगण अशी योजना आहे. वाड्याच्या चौकात वाढलेल्या माणसाला ते घर मुळीच परके वाटणार नाही. ते आज बॉइड यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या स्वाधीन असून वेळोवेळी पाहावयास खुले असते. पाच-पन्नास नमुनाघरे पाहण्यापूर्वी हे एक घर पाहून यावे.

आता सूर्याविषयी. पॉइंट कुक दक्षिण अक्षांश ३७.९ वर आहे, आणि येथे सूर्य मध्यान्ही उत्तरेस असतो, हे सर्वांना ठाऊक असते; परंतु ठाऊक असणे वेगळे आणि त्याप्रमाणे घर वळवणे वेगळे. २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेअठ्ठावीस अंश वर येतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच साडेपंच्याहत्तर अंशांवर चढतो. म्हणजे उत्तरेकडील खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलीत खोलवर शिरते, आणि उन्हाळ्यात वळचणीची एक साधी पट्टी त्याला बाहेरच्या बाहेर अडवू शकते. ही सवलत पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना नाही, कारण तेथे सूर्य तिरपा येतो आणि त्याला वळचण जुमानत नाही. सबब, बैठकीची खोली, जेवणाची जागा आणि शक्य तर निजण्याच्या खोल्याही उत्तरेकडे. न्हाणीघरे, कपडे धुण्याची जागा, कोठार आणि गराज दक्षिणेकडे वा पश्चिमेकडे. आणि पश्चिमेला खिडकी अगदी लहान, किंवा नाहीच.

येथे वास्तुशास्त्राचा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही, कारण आपल्यांतील पुष्कळजण भूखंड निवडतानाच होकायंत्र हाती घेतात. त्यांना मी एवढेच सांगेन की ईशान्य मोकळी व हलकी असावी आणि नैर्ऋत्य भरीव व जड असावी, हा जो त्या शास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध दंडक आहे, तो पॉइंट कुकला, निराळ्या कारणाने का होईना, हुबेहूब लागू पडतो: ईशान्येकडून हिवाळ्याच्या सकाळचे हवेहवेसे ऊन येते, आणि नैर्ऋत्येकडून उपसागरावरचा बोचरा गार वारा व उन्हाळ्यातील कलत्या दुपारचा ताप येतो. तेव्हा या दोन कोपऱ्यांपुरते आजोबांचे आणि अभियंत्याचे भांडण होण्याचे कारण नाही. स्वयंपाकघर आग्नेयेसच असावे, या आग्रहास मात्र त्याला पूर्वेकडे खिडकी मिळत असेल तरच मान द्यावा. एरवी दक्षिणेच्या अंगाला ढकललेले स्वयंपाकघर वर्षाचे सहा महिने दिवा लावूनच वापरावे लागते.

भूखंड कसा आहे, यावर पुढची सारी आखणी अवलंबून आहे. रस्ता दक्षिणेस असेल तर निम्मे काम आपोआप झाले. घराची पाठ रस्त्याकडे नि तोंड मागील उत्तराभिमुख बागेकडे, अशी मांडणी सरळ साधते. रस्ता उत्तरेस असेल तर प्रकरण अवघड, कारण ऊन नेमके दर्शनी बाजूला, आणि तेथे उंच कुंपण घालण्यास नियमांची व बहुतेक वसाहतींच्या करारनाम्यांची आडकाठी असते. अशा ठिकाणी काटकोनी आकाराचे घर बांधून मध्ये एक चौक राखावा, आणि त्या चौकाच्या उत्तरेस आडवे येणारे बांधकाम बुटके, गराजाइतकेच ठेवावे. रस्ता पूर्वेस वा पश्चिमेस असणारे भूखंड येथे विपुल आहेत, म्हणून त्यांतील एकाचे उदाहरण सविस्तर घेतो.

समजा भूखंड १४ मीटर रुंद व ३२ मीटर खोल आहे, आणि रस्ता पूर्वेस आहे. प्रचलित पद्धतीत दोन्ही बाजूंना एकेक मीटर सोडून बारा मीटर रुंदीचे घर मध्यभागी बसवले जाते; त्यामुळे उत्तरेच्या खिडक्या शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पाहत बसतात, आणि मागे पश्चिमेला, जेथे दुपारचे ऊन सर्वांत त्रासदायक, तेथे बाग व बसण्याची जागा येते. त्याऐवजी घर दक्षिणेच्या हद्दीकडे सरकवून तेथे एक मीटर सोडावा, घराची रुंदी सात मीटर ठेवावी आणि लांबी बावीस मीटर. म्हणजे १५४ चौरस मीटरांचे एकमजली घर होऊन उत्तरेस त्याच्या संपूर्ण लांबीची सहा मीटर रुंद बाग हाती लागते. मोटारीची जागा रस्त्याच्या बाजूस, दक्षिणेच्या अंगाला, एकीसाठीच आणि शक्यतो उघड्या मांडवाची. घराच्या सात मीटरांत उत्तरेकडे साडेतीन-पावणेचार मीटर खोल खोल्यांची एक रांग, मध्ये येण्याजाण्याची वाट आणि दक्षिणेस न्हाणीघरे, धुण्याची जागा, कोठार व देवघर. बैठक आणि स्वयंपाकघर मात्र एकत्र, घराची सबंध रुंदी व्यापणारे, म्हणजे त्यांत दक्षिणेची खिडकी उघडून आरपार वारा घेता येतो.

यात एक मोजमाप मुद्दाम करून पाहावे. जून महिन्यात मध्यान्ही तीन मीटर उंचीच्या भिंतीची सावली सुमारे साडेपाच मीटर पडते. उत्तरेच्या शेजाऱ्याची भिंत हद्दीपासून एक मीटर आत असेल, तर आपल्या बागेचा साडेचार मीटर भाग सावलीत, दीड मीटर उन्हात आणि घराची भिंत पायथ्यापासून उन्हात, असा हिशेब येतो. व्हिक्टोरियाच्या नियोजन-नियमांनी दीर्घकाळ वापरलेले सूत्रही याच जातीचे आहे: उत्तरेच्या भिंतीपासून मोकळ्या जागेची दक्षिण कड दोन मीटर अधिक त्या भिंतीच्या उंचीच्या नऊ-दशांश इतक्या अंतरावर असावी, म्हणजे तीन मीटरांच्या भिंतीस ४.७ मीटर आणि सहा मीटरांच्या दुमजली भिंतीस ७.४ मीटर. उत्तरेचा भूखंड अजून रिकामा असेल तर तेथे दुमजली इमारत येणार असे गृहीत धरूनच आखणी करावी. पॉइंट कुकमध्ये रिकामा भूखंड फार दिवस रिकामा राहत नाही.

आता नमुनाघरांतील ज्या एका गोष्टीवर आपले लोक विशेष लुब्ध असतात, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. घराच्या मागल्या अंगाला मुख्य छपराखालीच तीन-चार मीटर खोल अशी जी फरसबंद बसण्याची जागा काढतात आणि जिला येथे सर्वजण अल्फ्रेस्को म्हणतात, ती उत्तरेस असेल तर बैठकीच्या खोलीचे हिवाळ्यातले ऊन ती समूळ गिळून टाकते; ज्या सोयीसाठी उत्तर दिशा निवडली तीच सोय तिच्यापायी जाते, आणि आतल्या खोलीत भर दुपारी दिवे लागतात. अशी जागा हवीच असेल तर ती पूर्वेच्या टोकाला काढावी. उत्तरेस छप्पर नकोच. तेथे लाकडी वा लोखंडी पट्ट्यांचा मांडव घालून त्यावर द्राक्षवेल चढवावा. वेलाची पाने मे-जूनमध्ये गळतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा फुटतात, म्हणजे सावली नेमकी हवी तेव्हा पडते आणि नको तेव्हा निघून जाते; एवढी समज कोणत्याही यांत्रिक पडद्यास नाही.

मांडव जेथे नाही तेथे वळचण किती असावी? कंपन्यांच्या घरांना ती बहुधा ४५० मिलीमीटर असते, काही थाटांत तर मुळीच नसते. डिसेंबरच्या मध्यान्हीपुरती ६०० मिलीमीटरांची वळचणही पुरते. परंतु मेलबर्नचा खरा उकाडा जानेवारी-फेब्रुवारीत असतो, आणि फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य बराच खाली, सुमारे पासष्ट अंशांवर, आलेला असतो. ९०० मिलीमीटरांची वळचण त्या दिवसांत मध्यान्ही सुमारे १.९ मीटर खालपर्यंत सावली देते, तर २१ जूनला तीच केवळ अर्धा मीटर. म्हणून खिडकीची वरची चौकट वळचणीपासून चाळीस-पन्नास सेंटिमीटर खाली धरली, तर हिवाळ्यात सबंध काच उन्हात आणि उन्हाळ्यात जवळजवळ सबंध सावलीत राहते. इतका थोडका खर्च करून इतका मोठा लाभ देणारी दुसरी तजवीज या हवामानात मला तरी ठाऊक नाही.

यानंतर मातीचा विषय, आणि बागेशी जोडलेल्या घराच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पश्चिम व्हिक्टोरियाचे हे मैदान ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेले आहे. खाली दख्खनच्याच जातीचा काळा बेसाल्ट पाषाण, आणि वर त्याच्या झिजेतून झालेली चिकण माती. मराठवाड्यात किंवा विदर्भात ज्यांची शेती आहे त्यांना या मातीचे गुण सांगावयास नकोत: ती पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात. तेथे जुने गवंडी पाया खणत मुरमापर्यंत जात. येथे घर बहुधा काँक्रीटच्या सपाट लादीवर उभे असते, आणि ती लादी माती वरखाली करील तशी वरखाली होऊ पाहते. १९९७ ते २००९ या दीर्घ अवर्षणात बांधलेल्या घरांखालची कोरडी माती पुढच्या पावसाने फुगली, तेव्हा मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरांत पुष्कळ घरांच्या लाद्या कडेने उचलल्या गेल्या आणि तक्रारी न्यायाधिकरणापर्यंत पोहोचल्या. जमिनीच्या या चंचलतेप्रमाणे भूखंडांची वर्गवारी केली जाते. ए वर्ग स्थिर, मग एस, एम, एच-१, एच-२, ई अशी चढती चंचलता, आणि भराव वगैरे दोष असतील तर पी. पॉइंट कुकच्या मृदापरीक्षणात एच किंवा पी हे अक्षर आले तर दचकू नये, पण ते अक्षर करारनाम्यावर सही होण्यापूर्वी हाती असावे, कारण पायाचा वाढीव खर्च त्यानंतर उघडकीस आला म्हणजे तो मालकाच्याच माथी बसतो.

येथे एक पेच उभा राहतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आपणांस घर बागेशी जोडावयाचे आहे. पण भिंतीला टेकून वाफे करणे, त्यांना रोज पाणी घालणे आणि खिडकीसमोर झाड लावणे यांपासूनच अशा जमिनीत पायाला सर्वांत मोठा धोका असतो. एका बाजूची माती सदैव ओली आणि दुसरीची कोरडी राहिली म्हणजे लादी वाकते. झाड मुळांनी पाणी ओढून घेते तेथे माती खचते. एच वर्गाच्या जमिनीत झाड घरापासून निदान त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके दूर असावे, असा सर्वसाधारण दंडक सांगितला जातो. म्हणजे सहा मीटरांच्या आमच्या बागेत पाच मीटरांहून उंच होणाऱ्या वृक्षाला जागा नाही, आणि निलगिरीचे तर नावही काढू नये.

या पेचाचे उत्तर आपल्या पूर्वजांच्या पडवीत आहे. घराच्या उत्तर भिंतीच्या कडेने सबंध लांबीचा दीड मीटर रुंद पट्टा फरसबंद किंवा लाकडी फळ्यांचा करावा, त्यास घराकडून बाहेर उतार द्यावा, पहिल्या एका मीटरात निदान ५० मिलीमीटर, आणि वाफे त्याच्या पलीकडे सुरू करावेत. हा एकच पट्टा तीन कामे करतो. पायालगतची माती कोरड्या-ओल्या हेलकाव्यांपासून वाचते. मांडवाच्या सावलीत बसण्या-उठण्याची, वाटाणे सोलण्याची, पापड वाळवण्याची जागा मिळते. आणि घर व बाग यांमध्ये डोळ्यांना व पावलांना जो सांधा हवा तो हाच. छपराचे पाणी तेवढे बांधकाम चालू असतानाच पन्हळीतून निचऱ्यात सोडण्याचा बंदोबस्त करून घ्यावा. छप्पर पडून महिने गेले तरी पन्हळी जोडल्या नाहीत, असे दृश्य नव्या वसाहतींत हटकून दिसते, आणि तेवढ्या अवधीत पायाशेजारी जे पाणी मुरते ते पुढे वर्षानुवर्षे निस्तरावे लागते.

आतली जमीन आणि पट्ट्याची जमीन एका पातळीत असावी, ही हौस रास्त आहे, पण तिलाही पथ्य आहे. घराची लादी बाहेरच्या मातीपेक्षा १५० मिलीमीटर आणि उतार दिलेल्या फरसबंदीपेक्षा निदान ५० मिलीमीटर उंच असावी, असा साधारण नियम आहे, शिवाय वाळवीची तपासणी करता यावी म्हणून लादीची कड दिसती राहिली पाहिजे. फटी राखून बसवलेल्या, सोडवता येण्याजोग्या लाकडी फळ्यांनी, किंवा दारालगत जाळीदार पन्हळ घालून ही पातळी साधता येते. मे २०२४ पासून व्हिक्टोरियात लागू झालेल्या बांधकामसंहितेप्रमाणे नव्या घराच्या किमान एका प्रवेशाला पायरी नसावी, प्रवेशाच्या मजल्यावर शौचकूप असावे आणि एका न्हाणीघरात विनाउंबऱ्याची स्नानाची जागा असावी, अशी तरतूद आहेच; त्याच तारखेपासून ऊर्जेच्या बाबतीत सात ताऱ्यांची पात्रताही सक्तीची झाली. भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांच्या दृष्टीने ही पायरीविरहित तरतूद म्हणजे उपकारच होय. त्यांची खोली वरच्या मजल्यावर किंवा रस्त्याकडील काळोख्या 'पाहुण्यांच्या' कोपऱ्यात न ठेवता, उत्तरेच्या रांगेत, पट्ट्यावर उघडणाऱ्या दारासह द्यावी. मुले-सुना कामावर आणि नातवंडे शाळेत गेल्यावर दिवसाचे आठ तास या घरात कोण असते, याचा विचार नकाशा काढताना फारच थोडे लोक करतात.

स्वयंपाकघराबद्दल एकच सूचना. फोडणीचा वास घरभर पसरू नये म्हणून मुख्य स्वयंपाकघरामागे दुसरे लहान स्वयंपाकघर काढण्याची प्रथा आपल्यांत बोकाळली आहे. तिने सात-आठ चौरस मीटर जागा खाल्ली जाते, आणि रोजचा खरा स्वयंपाक त्या खिडकी नसलेल्या बोळातच होऊ लागतो. त्यापेक्षा एकच ओटा, त्यासमोर उघडणारी खिडकी, आणि धूर छपराच्या पोकळीत न सोडता नळीने थेट बाहेर टाकणारा जोरकस पंखा, एवढ्याने काम भागते. धुण्याच्या जागेचे दार वाळत घालण्याच्या दोरीकडे उघडावे, आणि ती दोरी उन्हात असावी.

वाऱ्याच्या बाबतीत येथील उन्हाळ्याचा स्वभाव ओळखून असावे. उत्तरेकडून, खंडाच्या अंतर्भागातून, तापलेला वारा येतो आणि पारा चाळिशीपार जातो; ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नने ४६.४ अंश पाहिले. मग दुपारी वा रात्री वारा एकाएकी नैर्ऋत्येकडे फिरतो आणि तासाभरात पंधरा अंश उतार पडतो. म्हणून दिवसभर घर बंद ठेवून, वारा फिरताच दक्षिण व उत्तर दोन्हीकडील खिडक्या उघडता आल्या पाहिजेत. दक्षिणेस न्हाणीघरांच्या लहान झरोक्यांवाचून काहीच नसेल तर हा निसर्गाचा फुकटचा गारवा दारावरून निघून जातो. दुहेरी काच, भिंतीत व छतात चांगले उष्णतारोधक अस्तर आणि दारेखिडक्यांच्या फटी नीट बुजवलेल्या, यांवर खर्च करावा. दर्शनी भागावरच्या दगडी चिपांवर करू नये.

बागेकडे येताना प्रथम पावसाचा आकडा ध्यानी घ्यावा. ओटवे डोंगरांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे या पश्चिमपट्टीत वर्षाकाठी केवळ ५०० ते ५५० मिलीमीटर पाऊस पडतो, पुण्याहूनही कमी. मात्र तो चार महिन्यांत न कोसळता वर्षभर थोडाथोडा येतो. दीडशे-एकशे साठ चौरस मीटरांच्या छपरावर एवढ्या पावसाने वर्षात ऐंशी हजार लिटरांच्या आसपास पाणी पडते, म्हणून टाकी जरूर बसवावी. नळाच्या पाण्याचे तुषारसिंचन मेलबर्नमध्ये संध्याकाळी सहा ते सकाळी दहा या वेळातच करता येते. हातातल्या, कळ दाबून सोडण्याच्या नळीने केव्हाही.

साध्या घराची बागही साधी असावी. एक छोटे हिरवळीचे अंगण, एक फळझाडांची ओळ, एक भाजीचा वाफा आणि कुंपणालगत स्थानिक वनस्पतींचा पट्टा, याहून अधिक सहा मीटरांत काही मागू नये. स्थानिकांत कांगारू-गवत अवश्य लावावे. तेच गवत आपल्याकडील डोंगरउतारांवरही वाढते आणि चिकण मातीत त्याला कौतुक लागत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूचा येथील भाऊबंद, झुकल्या फांद्यांचा शीओक, सुंदर खरा; पण तो मोठा होतो, तेव्हा त्याचे दर्शन किनाऱ्यालगतच्या उद्यानातच घ्यावे. फळझाडांत अंजीर, डाळिंब आणि लिंबू या हवेत उत्तम येतात आणि छाटून आटोक्यात ठेवता येतात. अंजिराची मुळे लांबवर जातात, म्हणून त्याला मोठ्या कुंडीत किंवा हद्दीच्या कुंपणाशी ठेवावे. हिरवळीसाठी येथे जे काउच नावाचे गवत सर्रास विकले जाते, ती आपली दूर्वाच होय. हिवाळ्यात ती पिवळी पडून निजते, आणि गणेशचतुर्थी नेमकी हिवाळा सरता सरता येत असल्याने एकवीस कोवळ्या जुड्या हव्या असतील तर तिची एक कुंडी उत्तर भिंतीच्या उबेला निराळी राखावी. कढीपत्ताही कुंडीतच, त्याच भिंतीशी; जूनमध्ये पाने गाळली म्हणून त्याला मेलेला समजू नये आणि पाणी वाढवू नये. तुळस येथे बहुधा हिवाळा काढीत नाही, तेव्हा एप्रिलमध्ये मंजिऱ्यांचे बी धरून ठेवावे. मेथी-कोथिंबीर मार्चनंतर पेरावी, टोमॅटो आणि वांगी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, मेलबर्न कपच्या शर्यतीच्या दिवशी, लावण्याचा इथल्या लोकांचा परिपाठ आपणही पाळावा. झेंडू दसऱ्याला फुलवण्याचा नाद मात्र सोडलेला बरा. तो फुलतो नाताळात.

उरतो प्रश्न कंपनीच्या नकाशांचा, कारण स्वतंत्र वास्तुविशारद नेमणे सर्वांच्या आटोक्यात असते असे नाही. तयार नकाशांतही विवेक करता येतो. नकाशा आरशातल्याप्रमाणे उलटवून मिळतो का, हे विचारावे. तेवढ्यानेच पुष्कळदा बैठक दक्षिणेची उत्तरेस येते. चित्रपटगृहाची खोली वगळावी, गराज एका मोटारीचे करावे, अल्फ्रेस्कोवरचे छप्पर गाळावे, आणि त्यातून वाचलेली रक्कम खिडक्यांकडे वळवण्याचा लेखी आग्रह धरावा. वसाहतीच्या करारनाम्यात दर्शनी भाग, कुंपण, छपराचा रंग, पुढल्या बागेची मुदत यांच्या शर्ती असतात. काही ठिकाणी दोन मोटारींचे गराजही सक्तीचे असते, तेव्हा भूखंड घेण्यापूर्वीच ते दस्तऐवज वाचावे.

आणि शेवटची विनंती: भूखंडाचे खरेदीखत जर हिवाळ्याच्या आसपास होत असेल, तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील एखाद्या निरभ्र दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास, येथल्या घड्याळाची खरी मध्यान्ह तेव्हाच असते, टेप, चार खुंट्या आणि सुतळी घेऊन तेथे जावे, उत्तरेच्या शेजाऱ्याची सावली जेथे संपते तेथे खुंट्या ठोकाव्यात, आणि ते अंतर घराच्या नकाशावर लिहूनच कंपनीच्या विक्रेत्यासमोर बसावे.